अवसेला सुटलेला कळप

एम.एस्सी.ची दोन वर्षं मी किड्यांवर काढली असं सांगितलं, की ऐकणारा आधी नाक मुरडतो. मग सांगावं लागतं, की खाल्ले नाहीत बाबा, विकले. त्यावर नाक सरळ होतं आणि डोळे मोठे होतात. किडे विकत कोण घेतं? पणदऱ्याचे लोक घ्यायचे. नव्वदच्या दशकात बारामतीच्या आसपास उसाच्या रानांत मी किडे विकत हिंडत होते. त्यातून माझी फी निघायची, मावशीच्या घरी खाल्ल्या भाकरीची लाज वाटायची नाही आणि शेळगावला आईबापाकडे जायचं एसटीचं तिकीटही सुटायचं.

उसाला खोडकिडा लागतो. कोवळ्या उसाच्या बुडाशी अळी शिरते, आत कुरतडते आणि पोंगा, म्हणजे मधल्या पानांची सुरळी, वाळून जाते. ती दोन बोटांनी ओढली तरी अलगद हातात येते, आणि तिला असा कुजका वास असतो की जेवण जात नाही. या खोडकिड्याला पुरून उरणारी एक माशी आहे. माशी म्हणायचं ते आपलं नावापुरतं, कारण राईच्या एका दाण्यावर तशा तीन-चार जणी बसून निवांत गप्पा मारतील. ती खोडकिड्याच्या अंड्यात आपलं अंडं घालते. मग त्या अंड्यातून अळी निघायच्या ऐवजी माशीच निघते. विष नाही, वास नाही, फवारा पाठीवर घेऊन चालणं नाही. कागदाच्या पट्टीवर दुसऱ्या एका पतंगाची अंडी डिंकानं चिकटवायची, त्यांत माशीला अंडी घालू द्यायची, आणि ती पट्टी उसाच्या पानामागं टाचायची. शिकलेले लोक तिला ट्रायकोकार्ड म्हणतात. आम्ही पट्टी म्हणायचो.

हे मला आमच्या विभागातल्या मॅडमनी शिकवलं. माशीचं बीज त्यांनी कुठून लांबून मागवलं होतं. पहिल्या दिवशी त्यांनी मला सूक्ष्मदर्शकाखाली एक पट्टी दाखवली. एक माशी एका अंड्यावर चढली होती. ती लगेच अंडं घालत नव्हती. आधी अंड्यावरून या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत होती, मिशांनी टकटक करत होती, थांबत होती, पुन्हा चालत होती. मॅडम म्हणाल्या, "माप घेतेय. आत किती पिल्लं मावतील ते बघतेय." मी डोळा काढला आणि पट्टीकडे नुसत्या डोळ्यांनी पाहिलं, तर तिथं काहीच नव्हतं, पेनची निब टेकवल्यासारखा एक ठिपका होता. त्या ठिपक्याला डोकं होतं, त्या डोक्यात हिशेब होता आणि आपल्या लेकरांना जागा पुरेल की नाही याची काळजी होती. माझ्या अंगावर काटा आला. आता पन्नाशी उलटली तरी ती माशी आठवली की तोच काटा येतो, आणि मला त्याचं बरंच वाटतं.

पट्टीसाठी लागणारे पतंग मी मावशीच्या मागच्या खोलीत वाढवायची. त्यांना बाजरीची भरड लागायची. मावशीला ते खपायचं नाही. "मानसाला बाजरी मिळंना आन् ही बया किड्यांना भरडून घालती," असं ती गल्लीला ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणायची. शिवाय पतंगांच्या अंगावरची पूड उडायची आणि घरात सगळे शिंकायचे. घरी आलेला पाहुणा चहा पिता पिता चार वेळा शिंकला, की मावशी माझ्याकडे असं बघायची की मी चहाचा कप उचलून आत जायची. तरी तिनं मला हाकललं नाही. मुलगी शिकते म्हटल्यावर तिच्या शिंका थोड्या कमी व्हायच्या.

काम माझ्या सवडीचं होतं असं मी मैत्रिणींना ऐटीत सांगायची. खरं तर सवड किड्यांची असायची. मस्टर नव्हतं, साहेब नव्हता, पण पतंगांना रविवार नव्हता आणि माशीला परीक्षा नव्हती. पट्टीवरची अंडी काळी पडली म्हणजे आत माशी तयार होतेय हे कळायचं, आणि त्यानंतर ती आपल्या ठरल्या दिवशी बाहेर पडायचीच. मोठ्या कारखान्यांकडे पट्ट्या ठेवायला थंड पेट्या होत्या. माझ्याकडे मावशीचा माठ होता. म्हणजे माझा माल थांबवून ठेवायची सोय नव्हती. तयार झाला की त्या दिवशी रानात गेला पाहिजे, नाहीतर हवेत गेला.

आता तात्यांचं सांगते, म्हणजे माझ्या वडलांचं. आमचं घर इंदापूर तालुक्यातल्या शेळगावचं. आजोबांच्या वेळी आमची मेंढरं होती. मेंढरं बसवणं हा त्यांचा व्यवसाय. दुसऱ्याच्या रानात रातभर कळप बसवायचा, रानाला लेंडीचं खत मिळायचं, आणि रानवाला मेंढपाळाला धान्य द्यायचा. तात्या तरुणपणी कळपामागं चालत कुठल्या कुठं जाऊन आले होते. मग चराऊ रानं कमी झाली, कळप विकला, विहीर खोदली आणि आम्ही शेतकरी झालो. तात्यांनी मनाशी एक गाठ मारली, की आपल्या पोरांनी एका जागी बसून खायचं. आपल्यासारखं हिंडायचं नाही. म्हणूनच मी शिकले. आणि म्हणूनच मी किडे विकत गावोगाव हिंडते हे कळल्यावर ते जेवता जेवता थांबले.

माघात ते बारामतीला आले ते बातमी घेऊनच.

"एमआयडीसीत डेरीत जागा हाय," ते म्हणाले. "दुधाचं फॅट तपासायचं. आठ ते पाच. साहेब म्हनला, बी.एस्सी. झालीय न्हवं, द्या पाठवून."

"तात्या, आठ ते पाच म्हंजे माझं कॉलेज सुटलं."

"कॉलेज करून बी नोकरीच करायची न्हवं? ती आधीच मिळाली तर काय वंगाळ झालं?"

तात्यांच्या बोलण्याला उत्तर नसायचं, हीच त्यांच्याशी भांडण्यातली अडचण होती. मी रागानं म्हणाले, "माझं मी कमवतीया. तुमच्याकडनं काय मागितलं का?"

ते चिडले नाहीत. माझ्या पायांकडे बघत राहिले. पायांत चिखल वाळलेला होता, कारण मी नुकतीच रानातून आले होते. "आमी बी असंच हिंडलो," ते म्हणाले. "आज हितं, उद्या तितं. त्यो दिल त्ये घ्यायचं. तुला बी त्येच करायचंय व्हय? पाडव्यापतूर बघतो. तवर तुझ्या किड्यांनी एक गाव तरी धरलं तर ठीक. न्हायतर पाडव्यानंतर डेरीत."

एक गाव धरायचं म्हणजे पणदऱ्याचे आबा धरायचे. आबांच्या उसाकडे बघून अख्खी भावकी लागण ठरवायची. चार लोकांनी माझ्या पट्ट्या घेतल्या होत्या खऱ्या, पण पोरीची कीव करून. आबांनी घेतल्या तर गाव घेणार होतं. मी पहिल्यांदा त्यांच्याकडे गेले तेव्हा ते ओट्यावर बसून इतके हसले की त्यांना ठसका लागला.

"पैसं देऊन किडं घ्यायचं? आगं पोरी, आमच्यात काय कमी हायत व्हय?"

मी चार वेळा गेले. पाचव्या वेळी त्यांनी सुरू लागणीचा, म्हणजे थंडीत लावलेल्या उसाचा, एक तुकडा दाखवला. ऊस गुडघ्याएवढा झाला होता आणि जागोजागी पोंगे वाळलेले दिसत होते. आबांनी एक ओढून काढला, वास घेतला आणि फेकला. "ह्यो तुकडा तुला," ते म्हणाले. "भावकी बघतीया, ध्येनात ठिव. फसलं तर तुला कोन हसनार न्हाय, मला हसतील."

त्या तुकड्यासाठी मी माझ्याजवळचा सगळा माल तयार केला. पट्ट्या एकदम काळ्याभोर पडल्या. फाल्गुन संपत आला होता. भल्या सकाळच्या एसटीनं पणदऱ्याला गेले, पट्ट्या आबांच्या हातात दिल्या आणि दोनदा बजावलं, "उद्या दिवस उगवायला टाचा. उद्याच सकाळी माश्या भाईर पडतील. उद्या म्हंजे उद्याच." आबांनी मान हलवली. माझं प्रॅक्टिकल होतं, म्हणून मी आल्या पावली परतले.

संध्याकाळी मावशीकडे आले तर घर आरशासारखं लख्ख. पाडव्याची साफसफाई झाली होती. मावशीनं प्रेमानं माझीही खोली झाडली होती. माझ्या टेबलाच्या चारही पायांखाली मी पाणी भरलेल्या वाट्या ठेवलेल्या असायच्या, मुंग्या वर चढू नयेत म्हणून. मावशीनं त्या वाट्या काढून घासून पालथ्या घातल्या होत्या. टेबलावर लाल मुंग्यांची रांग लागली होती आणि माझ्या बाटल्यांत, पिशव्यांत, पट्ट्यांत काही उरलं नव्हतं. बाजरीच्या एका झाकलेल्या पाटीत पतंग तेवढे वाचले होते. माशी मात्र एकही नव्हती. मावशी दारात उभी राहून म्हणाली, "आगं, डास व्हत्यात म्हनून वाट्या काढल्या." मी तिला काय बोलणार? मी रडले, आणि ती माझ्याबरोबर रडली, आणि मग दोघी शिंकलो.

म्हणजे माझ्या माशीचं जे काही बीज जगात होतं, ते आता पणदऱ्यात आबांच्या घरी होतं. सकाळी रानात जाऊन त्यातल्या थोड्या माश्या परत आणायच्या आणि उरलेल्या पतंगांच्या अंड्यांवर सोडायच्या, एवढा एकच रस्ता होता. मी पतंगांची रात्रीची ताजी अंडी एका काचेच्या नळीत घातली, तोंडाला कापूस लावला आणि नळी पिशवीत ठेवली. तेवढ्यात पहाटेच्या गाडीनं तात्या आले. मला सणाला घरी न्यायला आणि वाटेत डेरीच्या साहेबाला शब्द द्यायला.

"आधी पणदऱ्याला जाऊया," मी म्हणाले.

तात्यांनी माझ्या सुजलेल्या डोळ्यांकडे पाहिलं आणि घोंगडं खांद्यावर टाकलं.

आबा ओट्यावर बसले होते. धुतलेली टोपी, स्वच्छ धोतर, आणि हाताला काही काम नाही असा चेहरा.

"आबा, टाचल्या का पट्ट्या?"

"आज?" त्यांना माझंच नवल वाटलं. "आज अवस हाय. अवसेला आमी बैल जुपत न्हाय, आन् रानात नवा जीव सोडू व्हय? उद्या पाडवा. नारळ फोडून, गुढी उभारून टाचतो बघ झ्याकपैकी. तू काय काळजी करू नगं. देवापाशी ठिवल्यात."

मला त्यांचा राग यायला हवा होता. आला नाही. माझ्या फालतू कागदाच्या पट्ट्यांना या माणसानं साडेतीन मुहूर्तांतला एक मुहूर्त राखून ठेवला होता. त्यांच्या लेखी मी जे दिलं होतं ते औषध नव्हतं, जीव होता, आणि जीव रानात सोडायचा तर चांगला दिवस बघूनच सोडायचा. पण माश्यांना पंचांग कोण सांगणार? मी चपला ओट्याखाली टाकल्या आणि आत धावले.

मधल्या खोलीत कोनाड्यात देव होते. वर भिंतीवर खंडोबाची मोठी तसबीर, काच लावलेली. छपरात एक काचेचं कौल होतं आणि त्यातून उजेडाचा एक पट्टा सरळ त्या तसबिरीवर पडत होता. खाली तांब्याच्या ताम्हनात माझ्या पट्ट्या नीट ओळीनं मांडलेल्या होत्या. आबांच्या बायकोनं, त्यांना मी काकी म्हणायची, एकेका पट्टीला हळदीकुंकवाचं बोट लावलं होतं. शेजारी समई तेवत होती.

ताम्हनाकडे बघून मी आधी घाबरले, कारण अंडी रिकामी दिसत होती. मग तसबिरीकडे पाहिलं.

काच हलत होती. म्हणजे मला तसं वाटलं. खंडोबाचं तोंड, घोडा, तलवार, सगळ्यावर बारीक काळी पूड पसरली होती आणि ती पूड चालत होती. खालून वर, बाजूनं मध्ये, जिथं उजेड जास्त तिकडे. हजारो असतील. आवाज काही नाही. पायांचा नाही, पंखांचा नाही. मी त्यांना एकेकीला सूक्ष्मदर्शकात पाहिलं होतं, पण अशा सगळ्या एकदम, आपणहून, एका दिशेनं निघालेल्या मी कधी पाहिल्या नव्हत्या. मी माझं रडं विसरले, डेरी विसरले. तात्या माझ्यामागं येऊन उभे राहिले होते. आबाही आले. काकी चुलीपुढनं उठून आल्या. आम्ही चौघं त्या काचेपुढं उभे होतो.

आबांनी हळूच टोपी काढली. "हे तुझं किडं?" ते कुजबुजले.

"व्हय."

"एवढं?"

तात्या काचेच्या अगदी जवळ गेले. त्यांनी श्वास आवरून धरला होता, उडतील म्हणून. बराच वेळ बघितलं आणि म्हणाले, "मेंढरंच की गं ही."

तेवढ्यात मला समईची ज्योत दिसली आणि मी भानावर आले. काही माश्या तिकडे वळल्या होत्या आणि जळत होत्या. "काकी, दिवा!" मी ओरडले. अवसेच्या दिवशी देवापुढचा दिवा विझवायचा म्हणजे काय, हे मला कळत होतं. काकी क्षणभर थबकल्या. मग त्यांनी समई तेवतीच उचलली, पदराची आड धरली आणि चुलीपाशी नेऊन ठेवली. दिवा विझला नाही आणि माश्या वाचल्या. मी तात्यांना म्हणाले, "दार झाका. उजेड एकाच बाजूनं पायजे." तात्यांनी घोंगडं दारावर धरलं. खोली अंधारली, आणि कौलातून येणारा तेवढा पट्टा उरला. आता ज्या भिंतीवर, ताम्हनावर, कोनाड्यात विखुरल्या होत्या त्यासुद्धा हळूहळू काचेकडे येऊ लागल्या.

"वाट एकच ठिवायची," तात्या घोंगडं धरून दारातून म्हणाले. त्यांच्या आवाजात मी कधी न ऐकलेला उत्साह होता. "मग कळप आपसूक येतो."

आता प्रश्न होता तो पुढचा. माश्या रानात न्यायच्या कशा? त्या काचेवर होत्या, काच तसबिरीला होती आणि तसबीर देवाची होती. मी चाचरत म्हणाले, की तसबीरच झाकून उसात नेली तर. आबांचा चेहरा उतरला.

"देव भाईर काढायचा? अवसेला?" ते म्हणाले. "आमच्या बापजाद्यात कुनी असं केलं न्हाय."

बोलल्या त्या काकी. "बाणाईसाठी मेंढरं राखली न्हाईत व्हय देवानं? तवा कुटं बघितली अवस आन् पुनव? ही बी मेंढरंच हायती, पाव्हणं म्हनत्यात की. राखंल आज बी." आणि त्यांनी दांडीवरचं आबांचं धुतलेलं धोतर ओढून माझ्या हातात दिलं.

आबांनी तसबिरीला हात जोडले आणि ती खिळ्यावरून उतरवली. मी वरून धोतर अलगद पांघरलं. आणि आम्ही निघालो. पुढं आबा अनवाणी, छातीशी देव धरून, पायाखालचा दगडही हलू नये असं चालत. त्यांच्यामागं काकी, हातात ताम्हन, कारण काही अंडी अजून फुटायची होती. मग मी, आणि सगळ्यांत मागं घोंगडं घेतलेले तात्या. त्यांची चाल मला तेव्हा ओळखीची वाटली नाही. नंतर कळलं, ती कळपामागून चालणाऱ्याची चाल होती. वाटेत भावकीतले दोघंजण बांधावर उभे होते. अवसेला आबा देव घेऊन रानात चाललेत हे बघून त्यांनी तोंडातली तंबाखू थुंकली आणि हात जोडले.

ऊन अजून कोवळं होतं. उसाच्या तुकड्यात मधोमध जाऊन आबा सरीत बसले आणि तसबीर मांडीवर उभी धरली. धोतर काढायच्या आधी मी त्याची एक कड उचलली, नळीवरचा कापूस काढला आणि नळीचं तोंड काचेला लावलं. दहा-वीस माश्या नळीत चालत गेल्या, माझ्या ताज्या अंड्यांवर चढल्या आणि त्यातली एक लगेच टकटक करून माप घेऊ लागली. मला ती टकटक दिसत नव्हती, पण मला माहीत होतं. मी नळी बंद केली. मग धोतर काढलं.

आधी काहीच झालं नाही. मग काचेची एक कड विरळ झाली. त्या उडताना दिसत नाहीत. फक्त काचेवरून कमी होतात. वाऱ्याची एक हलकी झुळूक आली, उसाची पानं हलली, आणि देवाच्या घोड्याचे पाय दिसू लागले. मग तलवार. मग हात. आबा डोळे मिटायलाही तयार नव्हते. शेवटी खंडोबाच्या तोंडावर थोड्याशा उरल्या होत्या, त्याही गेल्या, आणि देवाचे मोठे मोठे डोळे आमच्याकडे बघू लागले. काकींना हुंदका आला. मलाही आला. तेवढी शांत जागा मी त्याआधी कुठं पाहिली नव्हती, आणि त्यानंतरही नाही.

मग आबा उठले आणि ताम्हनातल्या उरल्या पट्ट्या स्वतःच्या हातानं पानांमागं टाचायला लागले. मी म्हणाले, "आबा, आज अवस हाय न्हवं?"

"अवस मानसाला," ते म्हणाले. "देवानं सोडायला सुरुवात केली, आता आपन कशाला थांबायचं?"

दुपारी बारामतीच्या स्टँडवर आम्ही शेळगावच्या गाडीची वाट बघत बसलो. डेरीच्या साहेबाकडे जायचं राहिलंच होतं. नळी मी पदराखाली सावलीत धरली होती आणि तात्या सारखे तिच्याकडे बघत होते. गाडी लागली तेव्हा ते उठले आणि म्हणाले, "पाडवा काय एकच असतो व्हय? दिवाळीला बी असतोच की." बस, एवढंच. मी खिडकीशी बसले आणि इंदापूरच्या वाटेवरचा सगळा उन्हाळा मला हिरवा दिसत गेला.

एका वेळच्या माश्यांनी खोडकिडा हटत नाही. किती जळल्या, किती कुंकवानं मेल्या, हेही मला माहीत नाही. पण नळीतलं बीज धरलं. मावशीनं वाट्यांना परत हात लावला नाही, उलट पाणी आटलं की तीच भरायची. दर आठवड्याला मी नव्या पट्ट्या घेऊन पणदऱ्याला जायची आणि आबा त्या टाचायचे, तिथी न बघता. वैशाखात एक दिवस ते मला तुकड्यात घेऊन गेले. चालता चालता हात लावतील तो पोंगा ओढून बघत होते. पोंगे निघत नव्हते. घट्ट, हिरवे, जिवंत. आबा हात पुसत म्हणाले, "ओढून ओढून बोटं दुखली बघ." त्या पावसाळ्यात भावकीतली बरीच घरं माझ्याकडे पट्ट्या मागू लागली, आणि काहींनी विचारलं, की देव भाईर काढावाच लागतो का. मी सांगितलं, की नाही काढला तरी चालतं.

दिवाळीच्या पाडव्याला मी घरी होते. आमच्यात त्या दिवशी मेंढरांची पूजा असते. मेंढरं रंगवायची, ओवाळायची, पळवायची. आमचा कळप विकल्यापासून तात्यांनी ती पूजा बंद केली होती. त्या दिवशी ते कुणाच्या कळपाकडेही जायचे नाहीत, घरातच बसून राहायचे. मला माहीत होतं, की आज माझ्या नोकरीचा निकाल लागणार. सकाळपासून मी वाट बघत होते.

मग त्यांनी ट्रंकेतून जुनं काळं घोंगडं काढलं, झटकलं आणि अंगणात चौघडी करून पसरलं. माझ्याकडे न बघता विचारलं, "पट्टी आनलीया का तुझी?"

मी पिशवीतून एक काळीभोर पट्टी काढून दिली. पणदऱ्याला न्यायची होती. तात्यांनी ती तळहातावर घेऊन घोंगड्यावर मधोमध ठेवली, गुडघे टेकून बसले आणि आईला हाक मारली. आई ओवाळणीचं ताट घेऊन आली, पण तिची पावलं अडखळली. "आवं, आन् त्या डेरीचं?" तिनं विचारलं. "साहेबाला काय सांगायचं?"

"कळप असताना चाकरी कोन करतं?" तात्या म्हणाले.

आईनं मान डोलावली, खाली वाकली आणि कुंकवाचं बोट पट्टीकडे नेलं. तात्यांनी पटकन तिचा हात धरला.

"त्यांच्यावर नगं," ते म्हणाले. "घोंगड्याला लाव. मरत्यात ती."